निरीक्षक पणजीचा की दिल्लीचा?

1 जुलै 2010 रोजी ऑस्ट्रेलियातील राज्यांनी बाजारातल्या वजनमापांवर देखरेख ठेवण्याचे काम राष्ट्रीय सरकारच्या हवाली केले. तिथल्या राज्यघटनेने वजनमापांविषयी कायदा करण्याचा अधिकार 1901 पासूनच संघीय संसदेला दिला होता, पण दुकानात जाऊन तराजू तपासणारा माणूस शंभर वर्षांहून अधिक काळ राज्याचाच नोकर राहिला. 1990 मध्ये राज्यांनी एकसारखे कायदे करण्याचे मान्य केले. मात्र प्रत्येक विधानसभेने ते आपापल्या सवडीने आणि आपापल्या फेरफारांसह केले, त्यामुळे 'एकसारखे' हे विशेषण नावापुरते उरले. अखेरीस एप्रिल 2007 मध्ये केंद्र आणि राज्ये यांच्या परिषदेने हे काम एकाच संस्थेकडे सोपवायचे ठरवले, 2008 मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली आणि दोन वर्षांच्या तयारीनंतर 'नॅशनल मेझरमेंट इन्स्टिट्यूट'चे निरीक्षक देशभर एकाच ओळखपत्रावर फिरू लागले.

भारतातही वजनमापांची अंमलबजावणी राज्यांकडून काढून केंद्राकडे द्यावी, असा विचार अधूनमधून मांडला जातो. अनेक राज्यांत माल विकणाऱ्या उद्योगांना तो जवळचा वाटतो आणि त्याची कारणे क्षुल्लक नाहीत. बारा तालुक्यांच्या आणि 2011च्या जनगणनेनुसार साडेचौदा लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या गोव्याने या विचाराकडे केवळ 'आणखी एक अधिकार दिल्लीला जाणार' अशा धास्तीने पाहू नये, असे मला वाटते. निरीक्षक राज्याचाच राहावा, पण त्या निरीक्षकाचे काम तपासण्याचा अधिकार राज्याकडे राहू नये, हे माझे म्हणणे आहे. ते समजण्यासाठी दिल्लीकडे आधीच काय गेले आहे, हे पाहिले पाहिजे.

मूळ राज्यघटनेत वजनमापांची प्रमाणे ठरवण्याचे काम संघ सूचीत होते आणि बाकीचे सगळे राज्य सूचीत. आणीबाणीच्या काळात, 1976 मध्ये, 42व्या घटनादुरुस्तीने शिक्षण, वने, वन्य प्राणी आणि न्यायदानाची व्यवस्था यांच्याबरोबर हा विषयही राज्य सूचीतून उचलून समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्ये दोघेही कायदा करू शकतात अशा सूचीत, ठेवला. शिक्षण आणि वने यांविषयी पुढे पुष्कळ वाद झाले, वजनमापांकडे मात्र कोणी वळून पाहिले नाही. गोवा तेव्हा दमण आणि दीवसह केंद्रशासित प्रदेश होता. सूचींमध्ये फेरफार करणाऱ्या घटनादुरुस्तीला निम्म्या राज्यांच्या विधिमंडळांची संमती लागते आणि त्या मोजणीत केंद्रशासित प्रदेशाची विधानसभा धरली जात नाही, म्हणजे या स्थलांतरावर गोव्याला बोलण्याची संधीच मिळाली नाही. 30 मे 1987 रोजी घटक राज्याचा दर्जा मिळाला तेव्हा विषय समवर्ती सूचीत जाऊन दहा वर्षे उलटली होती.

आज लागू असलेला 2009चा वैध मापन कायदा 1 एप्रिल 2011 पासून अमलात आला. किलोग्रॅम म्हणजे किती, याचे राष्ट्रीय प्रमाण नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेकडून येते. राज्यांकडील प्रमाण वजने ज्यांच्याशी ताडून पाहायची, त्या प्रादेशिक प्रयोगशाळा अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरिदाबाद अशा ठिकाणी केंद्राच्या ताब्यात आहेत. नव्या धर्तीचा वजनकाटा बाजारात आणायचा तर त्याच्या मॉडेलला केंद्राची मान्यता लागते. इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दर 12 महिन्यांनी आणि लोखंडी वजनांची दर 24 महिन्यांनी व्हावी, हे केंद्राच्या नियमांत आहे. बंद पाकिटावर निव्वळ वजन, कमाल किरकोळ किंमत, उत्पादकाचे नाव-पत्ता आणि तक्रारीसाठी संपर्क छापला पाहिजे आणि अर्धा ते एक किलोच्या पाकिटात 15 ग्रॅमपेक्षा जास्त तूट चालणार नाही, हेही दिल्लीनेच ठरवले आहे. 2021 च्या दुरुस्तीने ठरावीक आकाराच्या पाकिटांची जुनी यादी रद्द होऊन त्याऐवजी प्रति ग्रॅम किंवा प्रति मिलिलिटर किंमत छापण्याचे बंधन आले, ते ठरवतानाही पणजीच्या संमतीची गरज पडली नाही.

राज्याकडे उरतात ते नियंत्रक आणि त्यांचे निरीक्षक, काट्यांची पडताळणी आणि मुद्रांकन (म्हणजे तपासलेल्या काट्यावर शिक्का मारणे), त्याचे शुल्क, काटे बनवणाऱ्या, विकणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्यांचे परवाने, आणि गुन्हा आढळल्यास खटला किंवा दंड भरून तडजोड. म्हणजे देशभर एकच मोजमाप हवे, हा केंद्रीकरणामागचा सर्वांत लोकप्रिय युक्तिवाद आपल्याकडे जवळजवळ खर्ची पडलेला आहे. ऑस्ट्रेलियात राज्यांचे कायदेच वेगवेगळे होते, इथे कायदा एकच असून फक्त तो राबवणारे हात वेगवेगळे आहेत. तेव्हा इथला खरा प्रश्न त्या हातांविषयीचा आहे.

केंद्रीकरणाच्या बाजूचा खरा भक्कम मुद्दा एकरूपतेचा नसून जवळिकीचा आहे, आणि तो गोव्यातील कोणालाही समजावून सांगण्याची गरज नाही. लहान राज्यात निरीक्षक, व्यापारी आणि आमदार एकमेकांना ओळखतात. चाळीस मतदारसंघांच्या विधानसभेत काही हजार कुटुंबांचा संघटित गट निवडणूक फिरवू शकतो, आणि अशा गटाच्या वजनमापाला हात लावायला कोणतेही सरकार कचरते. टॅक्सीच्या मीटरचे उदाहरण घ्या. टॅक्सीचे मीटर हे कायद्याच्या दृष्टीने वजनकाट्यासारखेच पडताळणी लागणारे उपकरण आहे. भाडे किती, हे वाहतूक खाते ठरवते आणि मीटर ते बरोबर मोजते की नाही, हे वजनमाप खाते पाहते. देशातील बहुतेक मोठ्या शहरांत हे फार पूर्वी स्थिरावले. गोव्यात मात्र वर्षानुवर्षे अंतर तोंडी ठरत राहिले, पर्यटक आणि स्थानिक दोघेही कुरकुरत राहिले आणि डिजिटल मीटर बसवून घेण्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाला वारंवार लक्ष घालावे लागले. टॅक्सीचालकांच्या बाजूनेही म्हणण्यासारखे बरेच आहे. हंगाम चार-पाच महिन्यांचा असतो आणि परतीचे भाडे मिळेलच असे नसते. पण ते मुद्दे भाड्याच्या दराविषयीचे आहेत. किलोमीटर मोजावा की मोजू नये, या प्रश्नाला दोन बाजू असू शकत नाहीत, आणि तरीही राज्य सरकारे त्या प्रश्नावर वर्षानुवर्षे वाटाघाटी करत बसली.

एवढ्यावरून कोणी म्हणेल की मग निरीक्षक दिल्लीचाच हवा. हा निष्कर्ष खनिज मालाच्या अनुभवाशी ताडून पाहिला तर टिकत नाही, असे मला दिसते. गोव्याच्या लोहखनिजाची मोजणी एकदा होत नाही. ट्रक वजनकाट्यावरून जातो, माल नदीकाठच्या जेटीवर रचला जातो, बार्जमधून मुरगाव बंदराकडे जातो आणि जहाजात भरल्यावर जहाज पाण्यात किती बुडाले, यावरून एकूण टनांचा हिशेब काढला जातो. प्रत्येक टप्प्याचा आकडा वेगळ्या नोंदवहीत जातो. या साखळीतील ट्रकचा वजनकाटा तेवढा राज्याच्या मुद्रांकनाखाली येतो. सरकारचे स्वामित्वधन (रॉयल्टी), खाणमालकाचा नफा आणि निर्यातीचा आकडा या सगळ्यांचे गणित या मोजण्या एकमेकींशी जुळतात की नाही, यावर अवलंबून असते. न्यायमूर्ती शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर 2012 मध्ये संसदेत आला आणि त्याने बेकायदा खाणकामाने सुमारे 35 हजार कोटी रुपयांचे नुकसान झाल्याचा अंदाज मांडला, तेव्हा त्या आकड्यावर वाद झाले आणि ते रास्तही होते. पण वर्षानुवर्षे एवढा माल रस्त्यावरून, नदीतून आणि बंदरातून जात होता आणि तो कोणाच्याच काट्यावर अडकला नाही, यावर वाद होऊ शकत नव्हता.

राज्याचे खाण खाते या सगळ्यात दोषी होते, हे निराळे सांगायला नको. पण खाणींच्या तांत्रिक देखरेखीसाठी असलेला भारतीय खाण ब्युरो केंद्राचा होता, निर्यातीच्या कागदांवर सही करणारे सीमाशुल्क खाते केंद्राचे होते, पर्यावरण परवाने देणारे मंत्रालय केंद्राचे होते आणि मुरगाव बंदरही केंद्राच्याच अखत्यारीत होते. अधिकारी दिल्लीहून नेमलेला असला म्हणजे तो स्थानिक हितसंबंधांपासून दूर राहतो, हे गृहीतक गोव्यात एकदा, तेही फार मोठ्या प्रमाणावर, तपासले गेले आहे. त्याची किंमत 2012च्या खाणबंदीने, 2014च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने आणि 2018 मध्ये 88 खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाल्याने डिचोली, सत्तरी, सांगे आणि केपे या तालुक्यांतील ट्रकमालकांनी आणि कामगारांनी मोजली. स्थानिक दबाव टाळण्यासाठी अधिकाऱ्याचा मालक बदलणे पुरेसे नसते. त्याचा आकडा दुसऱ्या कोणीतरी, त्याला न विचारता, पुन्हा मोजून पाहिला पाहिजे.

केंद्राचे निरीक्षक आले तर ते काय तपासतील, हाही प्रश्न आहे. राष्ट्रीय संस्था आपला वर्षाचा कार्यक्रम राष्ट्रीय प्राधान्याने आखते आणि तिने तसे करणे योग्यच आहे. ऑस्ट्रेलियाची संस्था इंधन, सुपरमार्केट, मासळी अशी क्षेत्रे निवडून तिथे मोहिमा काढते, गिऱ्हाईक बनून वस्तू विकत घेऊन वजन ताडते. गोठवलेल्या मासळीवर बसलेल्या बर्फाचे वजन निव्वळ वजनात धरता येत नाही, हा नियम तिने मासे विकणाऱ्यांकडून पाळून घेतला, ही तिची दाद देण्यासारखी कामगिरी आहे. पण तिथली मासळी बहुतेक करून वजनावर आणि पाकिटात विकली जाते. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात बांगडे वाट्याने मिळतात, नारळ नगावर, मानकुराद आंबे डझनावर, केळी डझनावर, पालेभाजी जुडीवर आणि चवरीस, म्हणजे गोव्याची सॉसेजे, माळेने. इथे तराजूचा प्रश्नच येत नाही, डोळ्यांनी पाहून भाव ठरतो आणि निरीक्षकाने करण्यासारखे फारसे काही नसते. त्याच बाजारात दोन पावलांवर इस्वण आणि सुंगटे किलोवर विकली जातात, आणि तिथे काटा शून्यावर आहे की पंचवीस ग्रॅमवर, याने गिऱ्हाइकाच्या खिशाला नक्कीच फरक पडतो. वाटा कुठे संपतो आणि किलो कुठे सुरू होतो, काजूच्या हंगामात कच्च्या बियांची खरेदी करणारे काटे कोणत्या गावांत लागतात, पावसाळ्याआधीच्या पुरुमेताच्या (साठवणीच्या जिनसांच्या) खरेदीत सुक्या मासळीच्या आणि मिरचीच्या दुकानांवर केव्हा गर्दी होते, हे इथे राहणाऱ्या माणसालाच माहीत असते. दिल्लीच्या वार्षिक आराखड्यात केपे तालुक्यातील काजू खरेदीचे काटे कधी येतील, याची मला शंका आहे.

यावर असे म्हणता येईल की केंद्रीय निरीक्षकही गोव्यातच राहील आणि तो गोमंतकीयही असू शकेल. ते खरे आहे, पण त्याची बदली, बढती आणि वर्षाचे उद्दिष्ट दुसरीकडे ठरेल, आणि माणूस ज्या कामाची मोजणी होते तेच काम करतो. बंद पाकिटावरील छपाईची चूक शोधणे सोपे असते, ती कार्यालयात बसूनही सापडते आणि तिचा दंड कंपनी निमूटपणे भरते. केंद्राकडे गेलेले खाते हळूहळू पाकिटांचे खाते होईल, अशी माझी भीती आहे.

ऑस्ट्रेलियाच्या उदाहरणातून आपल्याकडे सहसा न सांगितली जाणारी एक गोष्ट इथे महत्त्वाची ठरते. तिथे काम केंद्राकडे जाण्याआधीच काट्यांची पडताळणी सरकारी निरीक्षकाकडून निघून परवानाधारक खाजगी तंत्रज्ञांकडे गेलेली होती. निरीक्षक त्या तंत्रज्ञांच्या कामावर आणि बाजारातील व्यवहारावर नजर ठेवत असे. म्हणून स्थलांतर म्हणजे मुख्यतः कायदा, परवाने आणि थोडे निरीक्षक यांचे स्थलांतर होते, देशभरातील काट्यांवर शिक्के मारण्याची रांग केंद्राच्या दारात येऊन पडली नाही. आपल्याकडे मुद्रांकन करणारा आणि दंड करणारा निरीक्षक अजून बहुतेक ठिकाणी एकच आहे. जो काटा त्याने स्वतः मार्चमध्ये पास केला तोच ऑक्टोबरमध्ये चुकीचा निघाला, तर खटला भरताना त्याला स्वतःच्याच शिक्क्यावर शंका घ्यावी लागते. वर पडताळणी शुल्क हे खात्याचे उत्पन्न, त्यामुळे वर्षाचा बराचसा वेळ शिक्के मारण्यात जातो आणि अचानक भेटींसाठी उरतो तो उरलेला वेळ. 2013च्या नियमांनी सरकारमान्य खाजगी चाचणी केंद्रांना वाट करून दिली आहे. गोव्याने ती गंभीरपणे वापरली, तर आहे तेवढ्याच मनुष्यबळात निरीक्षकाला बाजारात फिरायला सवड मिळेल. त्यात धोका एवढाच की काटा विकणारा, दुरुस्त करणारा आणि पडताळणारा हे तिघे एकाच घरचे निघतील. तो टाळणे परवाना देताना शक्य आहे.

हे वेगळे करण्याआधी खाते केंद्राकडे दिले, तर आजचीच सरमिसळ मोठ्या आकारात तिथे जाईल. 2023च्या जन विश्वास कायद्याने वैध मापन कायद्यातील काही गुन्ह्यांची कारावासाची तरतूद काढून दंडावर भर दिला, तेव्हापासून तर दंड करणाऱ्या अधिकाऱ्याच्या हातातील विवेक आणखी वाढला आहे. त्या विवेकावर बाहेरची नजर पूर्वीपेक्षा जास्त हवी.

काही कामे मात्र राज्याने स्वतःहून सोडून द्यावीत, असे मला वाटते. ऑनलाइन मागवलेले पाकीट भिवंडीच्या किंवा बंगळुरूच्या गोदामातून फोंड्याच्या घरी येते आणि त्यात माल कमी निघाला, तर गोव्याच्या निरीक्षकाने नेमके कोणाच्या दारात जायचे? तो हातातले एक पाकीट जप्त करू शकतो, ज्या साठ्यातून ते आले त्यापर्यंत त्याचा हात पोहोचत नाही. उलट एकाच लेबलावरील एकाच चुकीसाठी एका उत्पादकाला पाच-सहा राज्यांतून नोटिसा येतात, प्रत्येक ठिकाणी वकील आणि प्रत्येक ठिकाणी तडजोड, ही उद्योगांची तक्रार निराधार नाही. आंतरराज्य विक्रीच्या बंद पाकिटांचे प्रकरण एकाच केंद्रीय अधिकाऱ्यापुढे चालावे, राज्यांनी नमुने काढून पाठवावेत आणि दंडातील वाटा नमुना काढणाऱ्या राज्याला मिळावा. या कामासाठी निरीक्षक मासळी बाजारात असण्याची गरज नाही.

दुसरे काम म्हणजे तपासणीची तपासणी. पेट्रोल पंपावर पाच लिटरचे प्रमाण माप ठेवणे बंधनकारक आहे, गिऱ्हाईक ते मागू शकते आणि पाच लिटरमागे 25 मिलिलिटरपर्यंतचा फरक मान्य आहे. आपण ते माप मागत नाही, कारण मागे रांग असते. केंद्राच्या प्रादेशिक प्रयोगशाळांतील पथकांनी वर्षातून काही वेळा न कळवता गोव्यात यावे, राज्याने पास केलेले पंप, खनिजाचे वजनकाटे आणि टॅक्सीचे मीटर चिठ्ठ्या टाकून निवडावेत, ते पुन्हा मोजावेत आणि राज्याच्या शिक्क्यांपैकी किती खरे निघाले, हा आकडा प्रसिद्ध करावा. त्या पथकाला दंड करण्याचा अधिकार नसला तरी चालेल. खात्याच्या नावावर दरवर्षी एक जाहीर आकडा लागू लागला, तर दबाव आणणाऱ्या आमदाराला निरीक्षक निदान तो आकडा दाखवू शकेल. आज त्याच्याकडे दाखवण्यासारखे काहीच नसते.

अन्नसुरक्षेचा 2006चा कायदा अशाच रचनेचा आहे, मानके केंद्राची आणि अंमलबजावणी राज्याची, आणि तरी जुलै 2018 मध्ये मडगावच्या घाऊक मासळी बाजारात मासे टिकवण्यासाठी फॉर्मेलिन हे घातक रसायन वापरल्याच्या संशयाचे प्रकरण उद्भवले तेव्हा लोकांचा विश्वास एका दिवसात कोसळला. सकाळच्या प्राथमिक चाचणीत संशय निघाला आणि नंतर प्रयोगशाळेने प्रमाण मर्यादेत असल्याचे सांगितले. दोन्ही निष्कर्ष एकाच खात्याचे होते. तिसरा, स्वतंत्र आकडा वेळेवर समोर नसल्यामुळे लोकांनी अफवेला जवळ केले आणि मासे विकणाऱ्या बायकांचा धंदा कितीतरी दिवस बसला. केंद्रीय खाते त्या सकाळी बाजारात पोहोचले असते, असे मला वाटत नाही, पण त्याच नमुन्याचा दुसरा अहवाल केंद्राच्या प्रयोगशाळेकडून चोवीस तासांत आणण्याची सोय असती, तर गोष्ट वेगळी झाली असती.

या मांडणीला घटनादुरुस्ती लागत नाही. बंद पाकिटांच्या प्रकरणांसाठी 2009च्या कायद्यात मर्यादित दुरुस्ती पुरेल, फेरतपासणीसाठी केंद्र आणि राज्य यांच्यातील करार पुरेल. आणि पणजीच्या सरकारने दिल्लीची वाट न पाहता करण्यासारखेही काही आहे. राज्यातील प्रत्येक खनिज वजनकाटा, प्रत्येक पेट्रोल पंप आणि प्रत्येक मीटर लावलेली टॅक्सी यांची शेवटची पडताळणी कधी झाली आणि पुढची कधी आहे, ही यादी खात्याकडे असतेच. ती पडताळणी प्रमाणपत्रांच्या क्रमांकांसह, तालुकावार, सर्वांना पाहता येईल अशी जाहीर करायला एका परिपत्रकापेक्षा जास्त काही लागणार नाही.